पडलेल्या झाडाचा पहिला दिवस : बडोद्यात ओंडक्यांपासून फळ्या करण्याविषयी

(चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

विश्वामित्रीकाठ

मे-जूनमधल्या वादळी वाऱ्यात किंवा भर पावसाळ्यात बडोद्यात एखादे जुने झाड कोसळले, की संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा होतो आणि त्या झाडाचे दोन-दोन फुटांचे तुकडे ट्रॉलीत पडलेले असतात. रस्ता मोकळा करणाऱ्या माणसांना मी दोष देत नाही. तारा तुटलेल्या असतात, वाहने अडलेली असतात आणि त्यांचे काम वेगाचेच आहे. परंतु साठ-सत्तर वर्षे वाढलेल्या खोडाचे पुढे काय होणार, हे त्या दोन-तीन तासांतच ठरते, ही गोष्ट आपण झाडांवर प्रेम करणाऱ्यांनीही फारशी लक्षात घेतलेली नाही. दोन फुटांच्या तुकड्याचा जळणाखेरीज फारसा उपयोग होत नाही. तेच खोड सात-आठ फुटांच्या लांबीत राखले, तर त्यातून बाके, शाळेची टेबले, पुस्तकांच्या मांडण्या होऊ शकतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा असतो. लाकूड जाळले की तो त्याच दिवशी हवेत जातो. बाक केला, तर बाक टिकेल तोवर तो लाकडातच राहतो.

आमचा छोटा गट बरीच वर्षे झाडांच्या बुंध्यांभोवतीचे सिमेंट फोडणे, खोडांत ठोकलेले खिळे आणि जाहिरातींच्या तारा काढणे, रोपांना पहिली तीन वर्षे पाणी घालणे अशी कामे करतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीला मोठा पूर आला. त्या पावसात पडलेली झाडे पाहिल्यावर या कामात पडलेल्या झाडांचीही भर घालावी, असे आम्ही ठरवले. त्यानंतर कारेलीबागेतल्या एका सोसायटीच्या आवारात कुंपणाच्या भिंतीवर कडुलिंब पडला, तेव्हा सोसायटीची लेखी संमती घेऊन आम्ही त्याचे खोड आठ फुटांवर कापून घेतले आणि जागेवरच चिरले.

चिरण्यासाठी आम्ही चेनसॉच्या, म्हणजे दातेरी साखळीच्या यंत्रकरवतीच्या, पात्यावर आडवी बसणारी ॲल्युमिनियमची चौकट वापरली. बाजारात तिला अलास्कन मिल म्हणतात. ओंडक्याचा वरचा भाग गोल असल्यामुळे पहिल्या कापासाठी त्यावर एक सरळ शिडी पातळीत बसवून स्क्रूने पक्की करावी लागते, आणि चौकट त्या शिडीवरून सरकते. पहिली पाठ, म्हणजे सालीकडची गोल बाजू, निघाली की खाली सपाट पृष्ठभाग मिळतो, आणि पुढचा प्रत्येक काप त्याच पृष्ठभागाच्या आधाराने होतो. काप पुढे जाईल तशा मागे लाकडी पाचरी ठोकत जावे लागते, नाहीतर वरच्या फळीचे वजन पात्यावर येऊन साखळी अडकते. साखळीसुद्धा वेगळी लागते. आडव्या कापाच्या साखळीचे दात साधारण ३० अंशांवर घासलेले असतात. लाकूड उभे चिरण्यासाठी ते १० अंशांच्या आसपास ठेवतात, म्हणजे पृष्ठभाग बराच स्वच्छ येतो.

दुसऱ्या फळीत पाते खिळ्याला लागले आणि ठिणगी उडाली. खिळा सालीच्या आत चार बोटे गेला होता, त्याच्यावर लाकूड पूर्ण मिटले होते आणि बाहेरून काहीही दिसत नव्हते. फळी उलटल्यावर खिळ्याभोवती काळसर निळ्या रंगाची लांबट ज्योत उमटलेली दिसली. लोखंड आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगाने हा डाग पडतो. शहरातले झाड चिरणाऱ्याने हातात धरायचा धातुशोधक वापरल्याशिवाय साखळी लावू नये, असे मी आता आग्रहाने सांगतो.

जाणकारांकडून मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आपल्या शहरातील कोणत्या झाडांवर एवढे श्रम करावेत, बडोद्याच्या हवेत फळ्या कशा वाळवाव्यात, आणि हे सर्व कायद्याच्या चौकटीत कसे बसवावे.

जुनी वखार

आमच्या घरी दोन पिढ्या लाकडाची वखार होती, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम मोजमाप. वखारीत गोल लाकूड मोजण्याची जुनी रीत चौथाई घेराची आहे. मधल्या घेराचा चौथा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि लांबीने गुणावे. आपल्या आठ फुटी कडुलिंबाचा घेर सहा फूट धरला, तर दीड गुणिले दीड गुणिले आठ, म्हणजे १८ घनफूट. गणिताने खरे घनफळ २३ घनफुटांच्या जवळ येते. पाठी, साल आणि करवतीचा भुसा यांत जाणारी घट या रीतीत आधीच धरलेली असते. ओल्या लाकडाच्या अशा ओंडक्याचे वजन सहा-सातशे किलो भरते. तो क्रेनशिवाय हलत नाही. परंतु त्यातूनच निघालेली दोन इंची, दीड फूट रुंद फळी दोन-तीन माणसे उचलू शकतात. जागेवर चिरण्याचा खरा फायदा हाच आहे.

तोटाही सांगितला पाहिजे. चेनसॉचा काप आठ ते दहा मिलिमीटर रुंद असतो, आरागिरणीतल्या पट्टा-करवतीचा, म्हणजे बॅण्डसॉचा, दोन ते तीन. पन्नास मिलिमीटरच्या फळ्या काढताना चेनसॉ साधारण पंधरा टक्के लाकूड भुशात घालवतो, तर बॅण्डसॉ पाच-सहा टक्के. म्हणून रस्त्यालगतचा, क्रेन पोहोचेल असा ओंडका परवानाधारक आरागिरणीत नेणेच शहाणपणाचे आहे. चौकट आवारात, बोळात आणि उतारावर पडलेल्या झाडांसाठी ठेवावी.

ओंडका कुठे तोडावा, हे तोडण्याआधी खोडाभोवती एक फेरी मारून ठरवावे. खोड जिथे बाक घेते, तिथेच काप द्यावा, म्हणजे दोन्ही तुकडे सरळ राहतात. हव्या असलेल्या लांबीपेक्षा दोन्ही टोकांना मिळून सहा इंच जास्त ठेवावेत, कारण टोके फाटणारच. खोडाच्या मध्यबिंदूवर विशेष लक्ष ठेवावे. ज्या फळीत तो मध्यबिंदू अखंड राहतो, ती फळी हमखास तडकते. तेव्हा एक काप मुद्दाम मध्यातून न्यावा किंवा मधली पट्टी वेगळी काढून ती जळणात टाकावी. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जेवढे आकसते, ते केंद्राकडच्या दिशेने आकसण्याच्या जवळजवळ दुप्पट असते, आणि फळीला येणारा बाक, पीळ व भेगा बव्हंशी या फरकातूनच येतात.

साखळी बोथट झाली आहे की नाही, हे भुशावरून ओळखावे. धारदार साखळीखाली हाताला जाणवणारे कण पडतात. पिठासारखी धूळ पडू लागली की यंत्र थांबवून कानस हातात घ्यावी. दाबून काम पुढे रेटल्यास काप वाकडा जातो आणि यंत्र तापते.

दांडियाबाजार

विषय आवडला. परंतु रस्त्यावर पडलेल्या झाडाचे लाकूड उचलणे ही चोरी ठरत नाही का? आमच्या गल्लीतील शिरीष पडला, तेव्हा तरुण मुलांनी दोन ओंडके बाजूला करून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यावरून बरेच ऐकून घ्यावे लागले.

कागदपत्र

दांडियाबाजार यांची शंका रास्त आहे. रस्त्यावरचे, बागेतले किंवा सरकारी आवारातले झाड पडले, तरी त्याचे लाकूड सार्वजनिक मालमत्ताच राहते. हेतू कितीही चांगला असला तरी लेखी परवानगीशिवाय एक फांदीही हलवू नये. महापालिकेच्या उद्यान खात्याकडे पावसाळ्यापूर्वीच अर्ज करून ठेवावा. त्यात लाकूड कशासाठी वापरणार, ते विकणार नाही आणि तयार झालेल्या वस्तू कोणत्या सार्वजनिक जागी देणार, हे स्पष्ट लिहावे. झाड पडल्यावर अर्ज करून उपयोग नाही. विश्वामित्रीकाठ यांनीच लिहिल्याप्रमाणे तेव्हा वेळ तासांत मोजायची असते.

खासगी आवारातील झाडासाठी मालकाची संमती लागतेच. शिवाय साग, शिसव, खैर, चंदन यांसारख्या झाडांच्या बाबतीत वन खात्याकडे विचारणा केल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४१ने लाकडाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे. २९ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली देशभर सुरू झाली, त्यामुळे परवान्यासाठी अर्ज करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. कोणत्या जातीला परवाना लागतो आणि कोणत्या जातीला सूट आहे, हे राज्यागणिक बदलते. म्हणून ओंडका आवाराबाहेर नेण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

चिरकामाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशापासून देशातील आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आले, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. विनापरवाना आरागिरणी चालवणे हा गुन्हा आहे. हाताने उचलून नेता येणारी चौकट आणि धंद्यासाठी उभारलेली आरागिरणी यांत फरक आहे, असे आपल्याला वाटते. परंतु त्यावर वन अधिकाऱ्याचे मत लेखी घेऊन फायलीत ठेवावे. स्वयंसेवकांचे काम एका तक्रारीने बंद पडू नये, एवढ्यासाठी हा आग्रह आहे.

पानगळ

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे झाडांच्या निवडीविषयी लिहिते.

आपल्या शहरात कडुलिंब भरपूर आहे, आणि श्रमांचे चीज करणारे लाकूडही तेच आहे. त्याचा गाभा तांबूस असतो, दिसायला महोगनीच्या जवळ जातो आणि किडीला सहज बळी पडत नाही. तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे रंधा मारताना मात्र ते उचकटतात. त्यानंतर मी शिरीष घेईन. त्याचे गडद तपकिरी लाकूड इंग्रजांच्या काळात पूर्वेकडचा अक्रोड म्हणून विलायतेला जात असे. आज रस्त्याकडेचा शिरीष पडला की त्याला कोणी विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते. त्याची धूळ नाकाला झोंबते आणि शिंका आवरत नाहीत, म्हणून मुखपट्टी हवीच.

रेन ट्री म्हणजे वर्षावृक्ष हा शिरीषाचा दक्षिण अमेरिकेतून आलेला नातलग आहे. त्याचे लाकूड हलके असते आणि वाळताना फारच कमी आकसते. नवशिक्या गटाने रुंद फळ्यांचा पहिला प्रयोग यावर करावा. चिंचेचा गाभा जांभळट काळा आणि अत्यंत कठीण असतो. त्यातून लांब फळ्या काढण्याच्या भानगडीत न पडता ठोकळे, मोगऱ्या, स्वयंपाकघरातील पाट करावेत. रायणीचे, म्हणजे खिरणीचे, लाकूड पाण्यात बुडेल इतके जड असते आणि साखळीची धार फार लवकर मारते. आसोपालवाचे पांढरे, हलके लाकूड पेन्सिली आणि खोकी करण्यापलीकडे उपयोगाचे नाही. गुलमोहराचे लाकूड मऊ असते, त्याला कीड लवकर लागते आणि तो बहुधा आतून पोकळ झाल्यावरच पडतो, त्यामुळे तो चिरण्यात वेळ घालवू नये.

निलगिरीविषयी सावध करते. तिच्या खोडात वाढीचा ताण साठलेला असतो. ओंडका उभा चिरताच दोन्ही भाग बाहेरच्या बाजूला वाकतात, आणि कधी कधी काप पूर्ण होण्याआधीच ओंडका टोकापासून फाटत जातो. अनुभवी माणूस सोबत नसेल, तर निलगिरीला हात लावू नये.

वडाचे काय, असा प्रश्न बडोद्यात येणारच. खोडाचे लाकूड मऊ असते आणि उघड्यावर लवकर कुजते, परंतु पाण्याखाली ते चांगले टिकते, म्हणून पूर्वी विहिरीच्या तळच्या कड्यासाठी वापरत. पारंब्यांचे लाकूड खोडापेक्षा चिवट असते. तंबूचे खांब आणि गाड्यांची जोखडे त्यातून करत. शिवाय अनेक घरांत वड आणि पिंपळ चिरणे मान्य नसते, आणि त्या भावनेचा मान राखावा असे माझे मत आहे. पडलेला वड बहुतेक वेळा पूर्ण मेलेलाही नसतो. जमिनीत रुजलेली एखादी पारंबी शाबूत असेल, तर भोवतालची माती नीट करून त्याला तिथेच उभा होऊ द्यावा. गाभा शोधण्याची घाई करण्यापूर्वी झाड जिवंत आहे का, हे पाहणे आपले पहिले काम आहे.

पिंगळा

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, तरीही मला मूलभूत हरकत नोंदवायची आहे. पडलेले झाड म्हणजे वाया चाललेली मालमत्ता आहे, अशा गृहीतावर हा सारा विचार उभा आहे. कुजणाऱ्या ओंडक्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात, त्या अळ्यांवर सुतार पक्षी जगतात. वाळक्या खोडाच्या ढोलीत तांबट घरटे करतो आणि त्याने सोडलेल्या किंवा नैसर्गिक ढोलीत पिंगळा, मैना, पोपट राहायला येतात. बुरशी त्याच लाकडाची माती करते. शहरात स्वच्छतेच्या नावाखाली आपण वाळलेले लाकूड इतके निपटून काढले आहे, की ढोली शोधणाऱ्या पक्ष्यांना जागा उरलेली नाही. संवर्धनासाठी काम करणाऱ्यांनीच उरलेल्या ओंडक्यांच्या फळ्या केल्या, तर या जिवांची बाजू कोण घेणार? विश्वविद्यालयाच्या आवारात, मोठ्या बागांच्या मागच्या भागांत आणि नदीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, पडलेली झाडे तशीच राहू द्यावीत, असे मी निक्षून म्हणेन.

विश्वामित्रीकाठ

पिंगळा, आपली हरकत मला पटते, आणि ती या कामाच्या नियमांतच आली पाहिजे असे वाटते. मूळ लेखात मी रस्त्यांचा आणि सोसायट्यांचा विचार केला होता, कारण तिथले खोड कोणत्याही परिस्थितीत तिथे राहणार नसते. तिथे जळण किंवा फळी एवढाच पर्याय उरतो. बागेच्या मागच्या भागात, झुडपांत पडलेल्या खोडाला तिसरा पर्याय आहे, आणि तिथे तोच श्रेष्ठ आहे. ज्या खोडात पोकळी आहे, ते चिरकामालाही निकामी असते. तेव्हा सोसायटीतल्या पोकळ खोडाचा चार-पाच फुटांचा भाग आवाराच्या कोपऱ्यात ठेवावा, असे आपण रहिवाशांना सुचवू शकतो.

नदीकाठाच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो. विश्वामित्रीच्या काठांवर मगरींचा वावर आहे. त्यांना वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास त्या काठाच्या मातीत अंडी घालतात. त्या काठावर ओंडके ओढत नेणे मगरींसाठी वाईट आणि स्वयंसेवकांसाठी धोक्याचे आहे. म्हणून आमचा गट उताराच्या खाली जात नाही, आणि जाणार नाही. परंतु पात्रात पडलेले मोठे खोड पुरात वाहत जाऊन पुलाच्या खांबांना अडते, त्यामागे कचरा साठतो आणि पाणी तुंबते, हेही खरे आहे. असे खोड काढायचे की ठेवायचे, हा निर्णय पूरनियंत्रण पाहणारे अधिकारी आणि वन खाते यांनी मिळून घ्यावा. आपण फक्त खोड कुठे पडले आहे, ते छायाचित्रासह कळवावे.

पिंगळा

एवढे लेखी नियमांत येणार असेल, तर माझा विरोध नाही. मात्र चिरण्यापूर्वी प्रत्येक खोडाच्या ढोली टॉर्चने तपासाव्यात. वादळात झाड पडल्यावर पिल्ले आत जिवंत असू शकतात. असे भाग लगेच बाजूला काढून पक्षी वाचवणाऱ्या संस्थांना कळवावे.

रंधा

मी सुतारकाम करतो, आणि फळ्या वाळवण्याचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. उत्तम चिरलेले लाकूड वाळवताना बिघडलेले मी जेवढे पाहिले आहे, तेवढे चिरताना बिघडलेले पाहिलेले नाही.

ओंडका तोडल्यावर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, दोन्ही टोकांना घट्ट ऑइलपेंट किंवा वितळवलेले मेण लावावे. लाकडातले पाणी टोकांकडून बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने निघून जाते, आणि टोके आधी आकसल्यामुळे भेगा आत शिरतात. भेग पडल्यानंतर रंग लावून काही साधत नाही.

फळ्यांची थप्पी जमिनीपासून दीड फूट उंच, पातळीत घेतलेल्या ठोकळ्यांवर रचावी. प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या दीड ते दोन फुटांच्या अंतरावर ठेवाव्यात, आणि वरपासून खालपर्यंत त्या पट्ट्या एकाच उभ्या रेषेत याव्यात. पट्टी रेषेबाहेर गेली, की फळी तिथे लाटेसारखी वाकते आणि तो बाक नंतर निघत नाही. सर्वांत वर निकामी पाठी टाकून त्यांवर दगड किंवा विटा ठेवाव्यात. छप्पर हवे, भिंती नकोत.

आपल्या हवेचे दोन स्वभाव आहेत आणि दोन्हींची काळजी घ्यावी लागते. एप्रिल-मेच्या झळांमध्ये फळीचा वरचा थर इतका झपाट्याने वाळतो, की आत पाणी असतानाच बाहेर बारीक भेगांचे जाळे पडते. त्या दिवसांत थप्पीच्या वाऱ्याकडील बाजूला गोणपाट टांगावे. पावसाळ्यात लाकूड संथपणे वाळते आणि ते चांगलेच असते, परंतु हवा खेळती नसेल तर पांढऱ्या भागावर निळसर-काळी बुरशी धरते. आंब्याच्या फळ्यांवर तर ती हटकून येते. म्हणून पावसाळ्यात चिरलेले लाकूड ताबडतोब पट्ट्यांवर चढवावे. एकावर एक चिकटून एक रात्रही ठेवू नये.

सालीलगतच्या पांढऱ्या भागात पिष्ट असते आणि बारीक भोके पाडणारी कीड त्यासाठीच येते. फळ्या ओल्या असतानाच बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात बुडवल्या किंवा ब्रशने दोनदा भिजवल्या, तर क्षार आत झिरपतात. पावसाच्या पाण्याने ते धुऊन जातात, तेव्हा हा उपाय घरातल्या वस्तूंसाठीच आहे. बागेतल्या बाकासाठी पांढरा भाग काढून टाकावा आणि गाभाच वापरावा.

फळी किती दिवसांत वाळेल, याला इंचाला एक वर्ष असा जुना हिशेब सांगतात. आपल्याकडच्या कोरड्या महिन्यांमुळे एक इंची फळी त्याहून बरीच लवकर तयार होते, परंतु कॅलेंडरवर विसंबू नये. थप्पीच्या मधल्या फळीचा छोटा तुकडा कापून वजन करावे, १०३ अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत ठेवून वजन कमी व्हायचे थांबेपर्यंत सुकवावा आणि पुन्हा वजन करावे. २४० ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅमवर आला, तर पाण्याचे प्रमाण २० टक्के आहे आणि फळी अजून कच्ची आहे. घरातल्या फर्निचरसाठी मी बारा टक्क्यांच्या वर लाकूड घेत नाही. ज्यांना अधिक खोलात जायचे आहे, त्यांनी लाकडातील पाण्याच्या मर्यादांसाठी आयएस २८७ आणि वाळवण्याच्या पद्धतींसाठी आयएस ११४१ ही भारतीय मानके पाहावीत. पहिल्यात देशाचे हवामानानुसार चार विभाग केलेले आहेत.

मांजलपूरकर

माझी मुलगी महाविद्यालयात शिकते आणि तिला या कामात यायचे आहे. तिच्या हातात चेनसॉ देण्याची माझी तयारी नाही. अशा मुलांसाठी काही काम असते का?

जुनी वखार

आपली काळजी योग्य आहे, ताई. चेनसॉ प्रशिक्षित आणि नियमित काम करणाऱ्या माणसाच्याच हातात असावा, आणि त्याने शिरस्त्राण, डोळ्यांसमोर जाळी, कानांवर संरक्षण, पायांवर साखळी अडवणारे कापड व जाड बूट घातल्याशिवाय यंत्र सुरूच करू नये. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला, की यंत्र क्षणात चालकाच्या तोंडाकडे उसळते. चिरताना बराच वेळ एका जागी धूर सोसावा लागतो, म्हणून वाऱ्याची दिशा पाहून उभे राहावे.

सर्वांत मोठा धोका बऱ्याच जणांना माहीत नसतो. मुळांसकट उपटलेल्या झाडाची मातीची ढेप उभी असते आणि खोडाच्या वजनाने ती ओणवी राहिलेली असते. खोड बुंध्याजवळ कापताच ते वजन सुटते आणि ढेप धाडकन मागे बसते. तिच्यामागच्या खड्ड्यात कोणी उभे असेल, तर तो गाडला जाईल. पहिला काप होण्यापूर्वी खड्ड्याभोवती दोरी बांधावी आणि तिथे एक माणूस केवळ राखण म्हणून ठेवावा. दाबाखाली वाकलेल्या फांद्यांचेही तसेच आहे. वीज कंपनीने पुरवठा बंद केल्याचे सांगेपर्यंत झाडाजवळ जाऊच नये.

आपल्या मुलीसाठी कामे भरपूर आहेत. धातुशोधकाने खोड तपासणे, टोके रंगवणे, झाडाचा घेर, जात आणि पडल्याची जागा नोंदवणे, प्रत्येक फळीवर क्रमांक घालणे, पट्ट्या तयार करणे, थप्पी रचणे आणि ठरलेल्या दिवशी नमुन्याच्या फळीचे वजन करणे ही कामे यंत्र चालवण्याइतकीच महत्त्वाची आहेत. माझ्या मते नोंदी ठेवणारी व्यक्ती गटात नसेल, तर चिरकाम सुरू करू नये. सहा महिन्यांनी कोणती फळी कोणत्या झाडाची आणि कधीची, हे कोणालाच सांगता येत नाही.

दांडियाबाजार

फळ्या तयार झाल्यावर त्या द्यायच्या कोणाला? स्मशानभूमीलाही लाकूड लागते. ते कमी पडू नये, असे मला वाटते.

पानगळ

स्मशानासाठी फांद्या, पाठी आणि गाभा नसलेली झाडे देता येतात. एका झाडाच्या वजनात चिरण्याजोगा भाग निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे दोन्ही कामांत स्पर्धा होण्याचे कारण नाही.

फळ्यांसाठी मी महापालिकेच्या शाळा प्रथम घेईन. ज्या शाळेसमोरचे झाड पडले, त्याच शाळेत त्याचे बाक जावे. चिंचेचे आणि शिरीषाचे वेडेवाकडे, फळ्यांना निरुपयोगी ठोकळे १९५० पासून चालू असलेल्या आपल्या विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेच्या शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांना विचारून द्यावेत, कारण त्यांना चांगले लाकूड विकत घेणे परवडत नाही. प्रशिक्षणासाठीही शहराबाहेर जाण्याची गरज नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली येथे कलाभवन सुरू झाले आणि तिथे सुतारकाम हा शिकवण्याचा विषय होता. त्याच परंपरेतून आजची तंत्रज्ञान विद्याशाखा उभी आहे. तिच्या कार्यशाळेकडे स्वयंसेवकांसाठी एका छोट्या अभ्यासक्रमाची विनंती करावी, आणि अर्ज लिहायला मी तयार आहे.

रंधा

बडोद्याजवळच्या संखेड्याच्या खरादी, म्हणजे लाकूड कातणाऱ्या, कारागिरांचे नाव कोणीतरी काढेल, म्हणून आधीच लिहितो. त्यांचे लाखकामाचे फर्निचर सागाचे असते आणि कातकामासाठी त्यांना विशिष्ट प्रतीचे लाकूड लागते. आपल्याकडचे मिश्र लाकूड त्यांच्या गळ्यात मारू नये. एखाद्या आवारातला साग पडला आणि त्याचे कागद पूर्ण असले, तरच त्यांना विचारावे.

विश्वामित्रीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कागदपत्र यांनी सुचवलेल्या अर्जाचा मसुदा मी याच धाग्यावर टाकेन. त्यात पोकळ आणि झुडपांतील खोडांना हात न लावण्याची, तसेच काठाच्या उताराखाली न जाण्याची अट पहिल्याच परिच्छेदात असेल. रस्ता मोकळा करणाऱ्या तुकडीला आमची एकच विनंती राहील, की घेर चार फुटांहून जास्त असलेले सरळ खोड आठ फुटांवर कापावे आणि फुटपाथच्या कडेला ठेवावे. यासाठी त्यांना जास्तीचे काही करावे लागत नाही. उलट कापांची संख्या कमी होते. उचलण्याची जबाबदारी आणि क्रेनचा खर्च आमचा, हेही अर्जात लिहितो.

आता निकड जागेची आहे. छप्पर असलेली, भिंती नसलेली, साधारण वीस बाय तीस फुटांची जागा वर्षभरासाठी हवी. मकरपुरा किंवा वाघोडिया रोडच्या बाजूला कोणाचे वापरात नसलेले शेड असेल, तर कळवावे.

मांजलपूरकर

आमच्या नात्यातल्या एकांचे मकरपुऱ्यात शेड आहे, परंतु त्याला पश्चिमेकडून पत्र्याची भिंत आहे. चालेल का?

रंधा

चालेल, ताई. उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत उपयोगीच पडेल. थप्पी तिच्यापासून तीन फूट दूर ठेवावी आणि पावसाळ्यात भिंतीचे खालचे दोन पत्रे काढावेत, म्हणजे वारा आरपार जाईल. जमीन सिमेंटची आहे की मातीची, तेवढे पाहून सांगावे. माती असेल तर ठोकळ्यांच्या खाली वाळवीसाठी आधी बंदोबस्त करावा लागेल.